जुना लेथ: आधी खोलायचा की आधी चालवायचा?

गंजलेला_बोल्ट

नमस्कार मंडळी. मामांच्या शेडमध्ये वीसेक वर्षं ताडपत्रीखाली पडून असलेला एक लेथ (धातूची सळई फिरवत ठेवून टूलने कापायचं यंत्र) गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. "भंगारात घालण्यापेक्षा तू ने, तुला खाज आहे," असं मामा म्हणाले. खाज आहे हे खरं, पण ज्ञान शून्य. दिवसभर संगणकासमोर बसणारा माणूस मी. हातोडी, कानस आणि हातातलं ड्रिल, एवढीच माझी मजल.

बेड (ज्या लांब पायावर बाकी सगळं बसतं तो) साधारण ३ फुटी आहे. सेंटरची, म्हणजे काम ज्या अक्षावर फिरतं त्याची, उंची बेडपासून ४ इंच भरते. चपट्या पट्ट्यासाठी तीन पायऱ्यांची पुली, मागे बॅकगियर, म्हणजे वेग कमी करणारी दातेरी चाकं. काम पकडणारा चार जबड्यांचा चक आट्यांनी स्पिंडलवर, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर, बसलाय आणि हलायला तयार नाही. नावाची पट्टी होती तिथे आता फक्त दोन भोकं आहेत. मोटर नाही. अंगभर हिरव्या रंगाचे तीन-चार थर, बेडवर तांबूस गंज, टेलस्टॉक (कामाचं दुसरं टोक धरणारा भाग) जाम.

बेत असा: एकूण एक भाग सुटा करायचा, सगळं सँडब्लास्ट करून आणायचं, बेडला पॉलिश पेपर मारून आरसा करायचा, नवा रंग द्यायचा, मग जोडणी आणि मोटर. काही चुकतंय का?

सव्वासूत

बेत छान आहे, फक्त क्रम उलटा आणि त्यातल्या दोन गोष्टी जीवघेण्या. (लेथच्या जिवावर, तुमच्या नाही.) आमच्या काकांना येऊ द्या, ते सांगतीलच.

जुना टर्नर

आलो. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलोय, त्यामुळे थोडं दटावून बोललो तर राग मानू नका.

पहिलं म्हणजे सँडब्लास्टिंग विसरा. ती वाळू बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) भोकाभोकांत, तेलाच्या वाटांत, बुशांत जाऊन बसते आणि कितीही धुतली तरी थोडी उरतेच. लेथ चालू झाला की तीच वाळू बेअरिंग खाते. दुसरं, बेडला पॉलिश पेपर नको. बेडच्या ज्या पृष्ठांवरून सॅडल (टूल वाहून नेणारा भाग) सरकतं ती हाताने नाही, मापाने सपाट केलेली असतात. बोटाखाली पेपर धरून घासलंत की जिथे जोर जास्त पडेल तिथे खड्डा होणार. पुन्हा पेपरचे कण बिडात रुततात. मग प्रत्येक फेरीत सॅडल स्वतःच स्वतःला घासत राहतं.

बेडवर भरपूर तेल सोडा आणि ब्लेडची धार जवळजवळ आडवी धरून गंज खरवडा. पितळी पट्टीनेही बराच निघतो. काळे डाग राहतील, राहू द्या. काळा डाग कापत नाही, खड्डा कापतो.

आणि तिसरं, जे कोणीच ऐकत नाही. खोलण्याआधी यंत्र हाताने फिरवून बघा, मापं घ्या, लिहून ठेवा. एकदा सगळं सुटं केलंत की ढिलाई आधीची होती की तुमच्या जोडणीतून आली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

गंजलेला_बोल्ट

काका, मला अरे-तुरे करा. मापं म्हणजे नक्की कुठली? माझ्याकडे व्हर्नियर आहे, एक डायल गेज मागवतोय.

जुना टर्नर

बरं, अरे. डायल गेज चुंबकाच्या स्टँडवर बेडला लाव, टोक स्पिंडलच्या नाकावर वरून टेकव. चकाखाली लाकडी दांडा घालून स्पिंडल वर उचल. फार जोर नको, हाताने तोलशील तेवढाच. काटा ०.०२ ते ०.०४ मिमी हलला तर बेअरिंग ठणठणीत. ०.१ च्या पुढे गेला तर काम आहे. हलतच नसेल तर आनंद मानू नकोस. तेल सुकून चिकट झालंय किंवा कोणीतरी बेअरिंग आवळून ठेवलंय, असं समज.

मग सॅडल. हेडस्टॉकजवळ, म्हणजे स्पिंडल बसतो त्या टोकाजवळ, गिब (खेळ काढायची पट्टी) अशी जुळव की सॅडल सुखाने सरकेल आणि खेळ नसेल. आता तेच सॅडल टेलस्टॉकच्या टोकाकडे ने. तिथे ते अडकलं तर समज की हेडस्टॉकजवळचा बेड झिजलाय. सगळ्या जुन्या लेथचं असंच असतं, कारण नव्वद टक्के काम चकाजवळ होतं. टोकाचा बेड जवळपास कोरा राहतो.

क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं पुढे-मागे नेणाऱ्या भागाचा) बॅकलॅश, म्हणजे हँडलचा रिकामा खेळ, हाही बघ. हँडल पाव फेरी रिकामं फिरत असेल तर तो आजार नाही, वय आहे. नेहमी एकाच दिशेने कापावर जायचं, उलटं गेलास तर बरंच मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं. आम्ही असंच करायचो.

खटपट्या

रंगाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. जुन्या यंत्रांच्या रंगात बऱ्याचदा शिसं असतं. कोरडं घासू नका, हीट गनने तर अजिबात नको. ओलं करून खरवडा किंवा रंग काढायचं केमिकल वापरा. मास्क घाला, खपल्या वर्तमानपत्रावर गोळा करा, लहान मुलांना लांब ठेवा. आणि मानसिक तयारी ठेवा: रंगाखाली पुटीन निघतं. ओतकाम खडबडीत असतं, कारखान्यात ते पुटीन भरून गुळगुळीत केलेलं असतं. रंग उतरवलात की यंत्र देवीचे व्रण असल्यासारखं दिसतं आणि मग पुन्हा पुटीनचे चार हात. माझे दोन महिने यात गेले. आज वाटतं, त्या दोन महिन्यांत काहीतरी कापलं असतं तर बरं झालं असतं.

मूकवाचक

पहिल्यांदाच लिहितोय, कारण तो अडकलेला चक वाचून पोटात गोळा आला. माझाही असाच होता. "बॅकगियर लावा, पुलीची पिनही लावा, स्पिंडल लॉक होतो, मग चक फिरवा," असा सल्ला कुठेतरी वाचला आणि तसंच केलं. चक सुटला नाही. बॅकगियरचे दोन दात सुटले. ओतीव बीड हो, त्याला वाकणं ठाऊक नाही, थेट तुटतं. तो आवाज अजून कानात आहे.

जुना टर्नर

मूकवाचक यांनी लाखमोलाचं लिहिलंय. गियरचे दात हे कुलूप नव्हे.

बोल्ट, असं कर. चकाच्या मागच्या आट्यांवर, स्पिंडलच्या खांद्याशी, पातळ तेल सोड. निम्मं ॲसिटोन आणि निम्मं गाडीच्या ऑटोमॅटिक गियरचं तेल, हे मिश्रण मला फार लागू पडलंय. दोन-तीन दिवस रोज सोड. मग चकात जाड षट्कोनी सळई घट्ट पकड आणि लांब पान्याने उलट दिशेने एकच ठाम झटका दे. स्पिंडल धरायचा तर पट्टा पुलीला गच्च गुंडाळून धर. नाहीच निघाला तर चकाच्या मागची बॅकप्लेट थोडी गरम कर, उकळत्या पाण्यात भिजवलेली चिंधी पुरते. फ्लेमची गरज नाही.

गंजलेला_बोल्ट

चक निघाला! चौथ्या दिवशी, "टक्" असा छोटासा आवाज आला आणि मी खुर्चीवरून उठून नाचलो.

पण आता कबुली. उत्साहाच्या भरात काल फीडच्या हँडलमधली पिन ठोकायला गेलो. निघेना. मोठी हातोडी घेतली. पिनचं डोकं चेंदून छत्रीसारखं झालंय आणि पिन तिथेच आहे.

शिवाय पाने बसत नाहीत. १३ चा पाना लहान, १४ चा सैल.

सव्वासूत

पान्यांचं आधी. तो लेथ इंचातला आहे आणि नट बहुतेक व्हिटवर्थचे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण मांडलं, त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे आणि एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. त्या आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिक आणि अमेरिकन आट्यांचा ६०. गंमत म्हणजे पाव इंची बोल्ट व्हिटवर्थ असो की अमेरिकन, दोघांचेही इंचाला २० च आटे, त्यामुळे एकमेकांत जातात आणि माणूस फसतो. ओळखायचं असेल तर अर्धा इंची बोल्ट शोधा. व्हिटवर्थचे इंचाला १२ आटे असतात, अमेरिकनचे १३. थ्रेड गेज नसेल तर पट्टीवर एक इंच मोजून आटे मोजा. आणि सैल पान्याने जोर लावू नका, नटाचे कोपरे एकदा गोल झाले की पुढचा आठवडा त्याच्याच मागे.

जुना टर्नर

ती पिन निमुळती आहे, टेपर पिन. इंची पिनचा उतार ४८ ला १, मेट्रिकचा ५० ला १. म्हणजे एक टोक जाड, एक बारीक. बारीक टोकाकडून ठोकायची असते. तू जाड टोकाकडून ठोकत बसलास, म्हणजे पाचर आणखी घट्ट केलीस. व्हर्नियरने दोन्ही टोकं मोज, डोळ्याने फरक कळत नाही.

आता छत्री कानसीने घासून सपाट कर. दुसऱ्या बाजूच्या टोकावर मध्यावर पंच मारून पिनपेक्षा बारीक ड्रिलने थोडं भोक पाड, त्यात बसेल असा पंच घाल आणि एकच सणसणीत टोला दे. खाली आधार हवा, दांड्याखाली लाकडाचा व्ही ठेव. नाहीतर टोल्याचा जोर पिनवर न जाता दांडा वाकवण्यात जाईल. दहा हलक्या टोल्यांनी पिन फुगते, एका ठाम टोल्याने सुटते.

खटपट्या

छोट्या भागांच्या गंजासाठी माझा आवडता उद्योग: इलेक्ट्रोलिसिस. प्लास्टिकची बादली, पाण्यात लिटरला एक चमचा धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण तारेला, भंगार लोखंडाची पट्टी धन तारेला. उलट जोडलंत तर तुमचा भाग विरघळायला लागतो, पट्टी नाही. स्टेनलेसची पट्टी कधीही वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून उघड्यावर करा आणि जवळ विडी-काडी नको. ॲल्युमिनियमचे भाग त्यात घालू नका, सोडा ते खातो.

हे सगळं हँडल, नट, कव्हर यांच्यासाठी. बेड आणि स्पिंडल बादलीपासून लांबच.

गंजलेला_बोल्ट

पिन निघाली. काकांचं "एकच टोला" हे वाक्य खडूने भिंतीवर लिहिलंय.

पण एक घोळ झालाय, तो लपवण्यात अर्थ नाही. स्पिंडलच्या बेअरिंगच्या टोप्या उघडल्या. काका, मी मापं घेतली होती, शपथ, ०.०५ आलं होतं. मग उघडायला नको होतं ना? पण आत काय आहे ते बघायचंच होतं. टोप्यांखाली पितळेच्या पातळ पत्र्या होत्या, त्या चारही बाजूंच्या एकाच डब्यात टाकल्या. आता कुठली कुठली ते कळत नाही.

सव्वासूत

अरे देवा.

जुना टर्नर

०.०५ होतं आणि तू उघडलंस. बरं. झालं ते झालं, प्रत्येकाच्या आयुष्यात तो एक डबा येतो.

त्या पत्र्या म्हणजे शिम. टोपी किती दाबली जाईल ते त्याच ठरवतात. त्या न घालता टोपी आवळलीस तर दोन गोष्टी होऊ शकतात: स्पिंडल जाम होईल, किंवा टोपीचं बीड तडकेल. दुसरी गोष्ट परत येत नाही.

मायक्रोमीटरने प्रत्येक पत्री मोज, जाडीप्रमाणे जोड्या लाव. बेअरिंग आणि स्पिंडल घासलेटने पूस, कापडाचा धागा राहू देऊ नकोस. तेल लावून बसव. सुरुवातीला दोन्ही बाजूंना सारखी आणि गरजेपेक्षा जास्त जाडी घाल. टोपी एकाआड एक बोल्ट थोडाथोडा आवळत बसव. स्पिंडल हाताने फिरव, डायल गेजने खेळ बघ. जास्त असेल तर दोन्ही बाजूंची एकेक पातळ पत्री काढ. असं करत करत एक वेळ येईल की स्पिंडल जड फिरेल. तिथून एक पत्री मागे ये. आधी पुढचं बेअरिंग, मग मागचं. एक पूर्ण संध्याकाळ जाईल, घाई नको.

आणि ग्रीस नाही, तेल. ग्रीसला धातूचा कीस चिकटतो आणि आतच राहतो. तेल वाहतं आणि घाण बाहेर नेतं. साध्या (छर्रे नसलेल्या) बेअरिंगला ३२ ग्रेडचं पातळ हायड्रॉलिक तेल चालतं, बेडला ६८. रोज सुरू करण्याआधी थेंब थेंब. जुन्या लेथखाली तेलाचा डाग नसेल तर तो लेथ उपाशी आहे.

वायरमन_हौशी

मोटरबद्दल दोन शब्द. अर्धा ते पाऊण अश्वशक्ती भरपूर झाली. चपटा पट्टा असेल तर तो घसरतो, आणि नवशिक्यासाठी ते वरदान आहे: काही अडकलं तर दाताऐवजी पट्टा घसरतो. १४४० फेऱ्यांच्या मोटरवर ६० मिमीची पुली आणि काउंटरशाफ्टवर (मोटर आणि लेथ यांमधल्या दांड्यावर) ३०० ची लावलीत तर शाफ्टला २८८ फेऱ्या मिळतात. पुढे तीन पायऱ्या आहेतच. साध्या बेअरिंगच्या लेथला हजार-बाराशे फेऱ्या द्यायचा मोह टाळा.

तीन फेजची मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल) लावणार असाल तर व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच टाकू नका, सुरू-बंद व्हीएफडीच्या कंट्रोलनेच करा. आणि काहीही लावलंत तरी नो-व्होल्ट रिलीजचा, म्हणजे वीज जाऊन आली तरी मोटर आपोआप सुरू न करणारा, स्टार्टर हवाच. वीज गेली, तुम्ही चकात हात घातला, वीज आली... पुढचं लिहीत नाही. अर्थिंग बेडला नट-बोल्टने, रंग खरवडून.

मूकवाचक

आणि चकाची चावी! चकात चावी ठेवून मोटर सुरू केली की ती बंदुकीच्या गोळीसारखी जाते. हात चकावरून निघाला की चावीही निघाली पाहिजे.

जुना टर्नर

बरोबर. हातमोजे नाहीत, लांब बाही नाही, अंगठी नाही. फिरत्या कामाला पॉलिश पेपर बोटाभोवती गुंडाळून लावायचा नाही. लांब कीस हाताने ओढायचा नाही, तो कापतो आणि ओढूनही नेतो. माझ्या शेजारच्या लेथवरच्या माणसाचं करंगळीचं टोक असंच गेलं. इतकंच. पुढे.

गंजलेला_बोल्ट

तीन आठवड्यांनी येतोय. शिमची संध्याकाळ खरं तर तीन संध्याकाळींची झाली. आता खेळ ०.०३. मोटर बसली, पट्टा बसला. रंग काढला नाही. ओल्या फडक्याने पुसला आणि राहू दिला.

पहिला काप! २५ मिमीची माइल्ड स्टीलची सळई, चकातून १५० मिमी बाहेर, टेलस्टॉक न लावता. एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल स्वतः घासून धार लावली, कशीबशी. पण मोजलं तर चकाजवळचा व्यास आणि बाहेरच्या टोकाचा व्यास यात ०.११ मिमीचा फरक. बाहेरचं टोक जाड. बेड झिजलाय का?

जुना टर्नर

शाब्बास. घाबरू नकोस, आधी बेडवर आळ घेऊ नको. लेथ कशावर ठेवलास? चारही पाय आवळलेस?

गंजलेला_बोल्ट

लाकडी टेबलावर. चारही बोल्ट जोर लावून.

जुना टर्नर

मग बेड पिळला गेलाय. ३ फुटी बिडाचा बेड दिसतो दगडासारखा, पण वाकड्या टेबलावर आवळला की रबरासारखा पिळतो. टेबल भक्कम कर, लोखंडी असेल तर उत्तम. मग टेलस्टॉककडच्या पायांचे बोल्ट सैल सोड आणि बघ, कुठल्या पायाखाली फट पडते ते.

बाहेरचं टोक जाड येतंय, म्हणजे तिथे टूल कामापासून लांब जातंय. टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली, म्हणजे तू उभा राहतोस त्या बाजूच्या पायाखाली, पातळ पत्री घाल. बेडचा वरचा भाग किंचित मागे झुकतो आणि टूल कामाकडे येतं. पुन्हा काप घे, पुन्हा मोज. बाहेरचं टोक बारीक आलं तर मागच्या पायाखाली घाल. सळईचा मधला भाग आधी थोडा खोल कापून घे, म्हणजे दोन टोकांच्या दोन अरुंद कड्याच कापायच्या आणि मोजायच्या. शेवटचा काप अगदी हलका, क्रॉस स्लाइडला हात न लावता दोन्ही कड्या एका दमात. काप जड असेल तर सळईच वाकते आणि तू बेडला शिव्या देतोस.

सव्वासूत

वेग जास्त ठेवलात का? एचएसएसने माइल्ड स्टील कापताना मिनिटाला २५ मीटर धरा. २५ मिमीच्या सळईला ३२० च्या आसपास फेऱ्या होतात. त्याहून जास्त असेल तर टूलची धार अर्ध्या वाटेतच मरते आणि टोकं वेगळी येतात.

गंजलेला_बोल्ट

चार पत्र्या आणि सहा कापांनंतर फरक ०.०२. एकदा ०.०१ आला होता, पण तो बहुधा माझ्या मोजण्याचा.

मधल्या काळात एक वस्तूही केली. फीडच्या त्या हँडलची लाकडी मूठ गायब होती, तिच्या जागी पितळेची केली. थोडी लंबगोल आहे, एका बाजूला टूलचा ओरखडा आहे. मामांना दाखवली तर त्यांनी बराच वेळ हातात फिरवली आणि "पट्टा थोडा ढिला आहे तुझा" एवढंच म्हणाले. ढिलाच होता.

आता पुढचा हट्ट: ह्या लेथवर मेट्रिक आटे पाडता येतील का? लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंचाला ८ आट्यांचा आहे.

सव्वासूत

येतील. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि २५.४ ला ५ ने गुणलं की १२७. म्हणून १२७ दातांचा गियर लागतो. तुमच्या लीड स्क्रूचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ३.१७५ मिमी, १ मिमी पिचसाठी गुणोत्तर ४० ला १२७, अगदी अचूक. पण १२७ चा गियर एवढा मोठा की छोट्या लेथच्या कव्हरमध्ये मावत नाही. तिथे ३७ आणि ४७ ची जोडी वापरतात, भागाकार १.२७०२७ येतो, हवा १.२७. हा फरक तुमच्या-माझ्या मायक्रोमीटरला दिसणार नाही. ६३ दातांचा गियर (१२७ च्या जवळपास निम्मा) हाताशी असेल तर तोही चालतो, ०.८ टक्के चूक, एखाद्या नटापुरते आटे पाडायला पुरे.

मात्र इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) उघडायचा नाही. प्रत्येक कापानंतर टूल मागे घ्यायचं आणि यंत्र उलटं फिरवून परत यायचं.

जुना टर्नर

आणि त्याचा चक आट्यांनी बसलेला आहे, तेव्हा मोटरने उलटं फिरवताना चक सुटून मांडीवर येऊ शकतो. बोल्ट, स्पिंडलच्या मागच्या भोकात फुगवून घट्ट बसेल असं हाताने फिरवायचं हँडल कर. मोटर बंद, प्लग काढलेला, हाताने पाड आटे. हळू होतात, पण खांद्याजवळ नेमके थांबता येतं. हेच दुसरं काम समज.

गंजलेला_बोल्ट

फुगवून घट्ट म्हणजे कसं? चिरलेली नळी आणि आत निमुळती पाचर?

जुना टर्नर

अगदी तसंच. पाचरेचं निमुळतं टोक कुठल्या बाजूला ते आधी मोज म्हणजे झालं.